त्याले इचार!

भंगारवाला आणि विज्ञानाचा मास्तर यांच्यात फरक एवढाच, की भंगारवाला नेलेल्या मालाचे पैसे देतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालच्या बाजारपेठेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर सर पिशवी घेऊन रस्त्याला लागले, की सायकलवाला जुन्या ट्यूबा पायाखाली सरकवतो आणि मोटार रिवाइंडिंगवाला तांब्याच्या तारेवर पोतं टाकतो. मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा सरांचाच विद्यार्थी. तो मात्र फुटका स्पीकर आपणहून पुढं करतो. मागितल्याशिवाय सर हलणार नाहीत, हे त्याला माहीत असतं. दिल्यावरही ते लगेच हलत नाहीत, कारण त्या स्पीकरमधल्या चुंबकाचं पुढं काय होऊ शकतं ते तिथंच, त्याच्या काउंटरवर, गिऱ्हाईक खोळंबवून ते दाखवणार असतात.

सरांचं नाव सांगत नाही. असा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. तुमच्याकडं त्याला ‘बाटलीमास्तर’ म्हणत असतील किंवा नुसतंच ‘ते प्रयोगवाले’. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून आहे, एवढाच माझा या विषयातला अधिकार. माझ्या खणात खाली निबंधाच्या वह्या असतात आणि वर सलाइनच्या नळ्या, रिकाम्या रिफिली, सुया काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजा. हे सगळं ‘दोन दिवसांपुरतं’ ठेवलेलं आहे. कधीपासून, ते विचारू नका.

सरांच्या शर्टाच्या खिशाला कायम उजवीकडं झोल असतो. आत चुंबक, रबरबँड, दोन एलईडी आणि सेल. एटीएम कार्डही त्याच खिशात. चुंबकाच्या शेजारानं त्या कार्डाची मागची पट्टी वरचेवर मरते आणि सर नवीन कार्डासाठी बँकेत जातात. तिथल्या कारकुनानं एकदा हात जोडून विचारलं, “सर, चुंबकानं पट्टी खराब होते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं ना?” सर खूश झाले. म्हणाले, “पाह्य, ध्यानात हाय लेकाच्या!” आणि कार्ड पुन्हा त्याच खिशात घातलं.

आता त्यांची ती जगप्रसिद्ध (म्हणजे सोनाळ्यापासून पातुर्ड्यापर्यंत प्रसिद्ध) सवय. पोरगं काहीतरी पाहतं, डोळे मोठे करून विचारतं, “सर, हे असं काऊन झालं?” बाकीचे मास्तर अशा वेळी उत्तर सांगतात, नाहीतर ‘पुढच्या वर्षी आहे तुला’ म्हणून मोकळे होतात. आमचे सर त्या वस्तूकडं बोट करतात आणि म्हणतात, “मले कायले इचारतं? त्याले इचार!”

‘तो’ म्हणजे कोणीही. मोड आलेला हरभरा, खिचडीच्या पातेल्यावरचं नाचणारं झाकण, एसटीचा आरसा. खिचडी शिजवणाऱ्या बाईंना तर त्यांनी इतक्यांदा झाकण उचलायला लावलं आहे, की पोरांची रांग दिसली की त्या आधीच ओरडतात, “सर, आज नाई बरं! भात कच्चा राह्यते!”

त्याले विचारायचं म्हणजे काय, हे कळायला सरांची मोटार पाहावी लागते. ही युक्ती अरविंद गुप्तांची आणि सर ती कधीही स्वतःच्या नावावर खपवत नाहीत. एक सेल, त्यावर चुंबक, दोन टोकांना दोन सेफ्टी पिना आणि पिनांच्या भोकांत अडकवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार रिवाइंडिंगच्या दुकानातली, म्हणजे वर व्हार्निशचा थर असलेली. वेटोळ्याचं एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्ध्या अंगानं. सगळी गोम इथं आहे. हे ‘अर्ध्या अंगानं’ सर सांगतच नाहीत. पोरं दोन्ही टोकं मन लावून लख्ख खरवडतात, वेटोळं जागच्या जागी थरथरतं आणि थांबतं. मग सुरू होतो तास. कोणी चुंबक उलटं करतं, कोणी सेल बदलतं, कोणी शेजारच्याचं वेटोळं चोरतं. सर खिडकीत उभे राहून बाहेर सातपुडा पाहत असतात. शेवटी एखाद्या आळशी पोराचं वेटोळं गरगरतं, कारण त्यानं कंटाळून एक टोक अर्धवटच खरवडलेलं असतं. अर्धा फेरा वीज मिळते, उरलेला अर्धा मिळत नाही, वेटोळं आपल्याच ओघात पुढं जातं आणि पुन्हा धक्का खातं. दोन्हीकडं सलग वीज मिळाली, तर पहिल्या अर्ध्यात बसलेला धक्का दुसऱ्या अर्ध्यात उलटा बसतो. हे त्या आळशी पोरानं सगळ्या वर्गाला समजावून सांगायचं. माझ्या तासाला त्या पोरानं कधी कर्ता-कर्म ओळखलेलं नाही, हे जाता जाता नमूद करतो.

गुप्ता म्हणजे सरांचं दैवत. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुण्यात ट्रक बनवणाऱ्या टेल्कोत नोकरी, आणि ती सोडून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये रमलेला माणूस. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सरांनी आम्हा सर्वांना पेढे वाटले आणि पेढ्याचा रिकामा पुठ्ठा परत मागून घेतला. गुप्तांनी जिथं काम केलं त्या पुण्याच्या, आयुका या खगोलसंस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत सर एकदा जाऊन आले. नारळीकरांच्या आयुकात पोरांनी कचऱ्यातून खेळणी करावीत आणि त्या इमारतीमागं पु.लं.च्या घरची देणगी असावी, हे त्यांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं. “पाहा, तुमच्या खात्याचा माणूस आमच्या कामी आला,” म्हणाले. मी मराठीचा असल्यामुळं पु.लं.चं श्रेय ते मला देतात. मीही घेतो.

गुप्तांच्या त्या काड्यांनी आमच्या शाळेत एक साथ आणली. व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडून चौकोन केला, की तो बोटानं ढकलल्यावर लवंडतो. त्रिकोण काही केल्या लवंडत नाही. एवढंच. पण त्यानंतर महिनाभर पोरांना जगात दुसरं काही दिसेना. विजेचा टॉवर त्रिकोण, जिनिंगच्या शेडचं छप्पर त्रिकोण, सायकलचा सांगाडा त्रिकोण. एका मुलीनं वडिलांच्या शेतातली डुगडुगणारी माची आडव्या-तिडव्या दोन बल्ल्या ठोकून पक्की केली. माझ्या निबंधाचा विषय होता ‘माझे गाव’. निम्म्या वर्गानं गावातले त्रिकोण लिहून आणले.

सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिथल्या होशंगाबादेत 1972 साली विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. पोरांनी हातानं करायचं, मास्तरानं विचारायचं आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायचं. पुस्तकात नसलेलं शोधायचं असेल, तर पुस्तकाची भीती कशाला? 2002 साली सरकारनं तो बंद केला. हा इतिहास सर दर सहामाहीला मुख्याध्यापकांना सांगतात आणि उघड्या पुस्तकाची परवानगी मागतात. मुख्याध्यापक यू-डायसची सरकारी माहिती भरत असतात. ते मान वर न करता म्हणतात, “आमचे पोट्टे बंद पुस्तकानंच पुस्तक उघडल्यासारखे लिहितात, सर. अजून काय उघडता?”

आता पाण्याचं सांगतो. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात विहिरी-बोअरचं पाणी खारं लागतं. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. गावोगावी किडनीचे रोगी आहेत. त्यामुळं पाण्याचं नाव काढलं, की माणसं थट्टा बंद करतात. सरांनी पोरांना फर्मावलं, ‘घरी जे पिता ते बाटलीत आणा.’ दुसऱ्या दिवशी वर्गात बाटल्याच बाटल्या. टुनकीकडची विहीर, कोणाचा बोअर, वान धरणाच्या नळाचं, आरओच्या कॅनचं आणि एकीनं छपराखाली धरून ठेवलेलं पावसाचं. पेन्सिलीतल्या शिशाचे दोन तुकडे, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, एक एलईडी. शिसं पाण्यात बुडवायचं आणि दिवा किती लागतो ते पाहायचं. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज सहज जाते. पावसाच्या पाण्यात दिवा जेमतेम मिणमिणला, नळाच्या पाण्यात बरा लागला आणि एका बोअरच्या पाण्यात असा भक्क पेटला, की वर्गानं टाळ्या वाजवल्या.

ज्या मुलीच्या बोअरला टाळ्या मिळाल्या, तिचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. “मास्तर, माह्या बोअरचं पाणी खराब हाय म्हंता काय तुम्ही? वर्गात जाहीर करता?”

सर म्हणाले, “मी काईच नाई म्हटलं, भाऊ.” आणि सेल-दिवा पुढं करून, “त्याले इचारा.”

भाऊंनी विचारलं. व्हरांड्यात उकिडवे बसून त्यांनी एकेका बाटलीत शिसं बुडवलं. पहिल्यांदा रागानं, मग नुसतं, मग ओठ दाबून. आपल्या बोअरवर दिवा तीनदा लावून पाहिला. शेवटी उठले आणि म्हणाले, “हे दोन दिवस मले द्या.” वाटलं, सरांवरचा राग दिव्यावर काढतात की काय. पण भाऊ तो दिवा घेऊन शेजाऱ्याच्या बोअरवर गेले. तिथून चुलत्याच्या. संध्याकाळी पारावर पाच-सहा धोतरं-पायजमे एका पेल्याभोवती जमले होते आणि कोणाचा दिवा जास्त भडकतो यावर वाद चालला होता. सरांचा तो सेल परत आला नाही. सरांनी मागितलाही नाही, आणि त्यांच्या बाबतीत ही ऐतिहासिक घटना आहे.

वर्गात मात्र त्यांनी पोरांना झापलं. कारण एका हुशार मुलानं वहीत लिहिलं होतं: ‘ज्या पाण्यात दिवा लागत नाही ते पाणी चांगले.’ सर म्हणाले, “असं त्यानं कुठं सांगतलं? तू त्याले क्षाराचं इचारलं, त्यानं क्षाराचं सांगतलं. जंतूचं इचारलं काय? नाल्यातलं पाणी आणून पाह्य, दिवा किती लागते ते.” मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, की पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात, असं भारतीय मानक आहे, ते मोजायला दिवा पुरत नाही, मीटर लागतो. पोरांनी वहीत आकडे उतरवले. मी दारात उभा होतो. माझ्याही पाण्याची बाटली हातात होती, ती मी हळूच मागं घेतली.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून त्यांनी खेड्यातल्या पोरांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग करता करता शिकवायला घेतलं. सरांनी तिथून आणलेली कल्पना अशी, की गावात इंजिनिअर नाहीत असं म्हणायचं नाही. तेव्हापासून आमच्या वर्गात वेल्डर येतो, ट्रॅक्टरचा मिस्त्री येतो. एकदा तो तार लपवणारा रिवाइंडिंगवालाच आला, धुतलेला शर्ट घालून. जळकी पाणबुडी मोटार टेबलावर मांडून त्यानं काळे पडलेले आटे दाखवले आणि सांगितलं, “हे दोन फेजवर चालली म्हणून गेली.”

एका पोरीनं हात वर केला. “काका, एक फेज गेल्यावर मोटार बंद काऊन नाई पडत? जळते कायले?”

काका थांबले. हजारो मोटारी उघडलेला माणूस; म्हणाला, “बाप्पा, हे आजवर कोणं इचारलंच नाई.” मग त्यानं आणि सरांनी मिळून सगळ्या वर्गादेखत ते उलगडलं. चालू मोटार एक फेज गेली तरी फिरत राहते, पाणी ओढायचं काम तेवढंच असतं, म्हणून उरलेल्या आट्यांतून जास्त करंट जातो, ते तापतात आणि व्हार्निश जळतं. काका जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, “मले शाळेत असं इचारू देल्लं असतं तं मी शाळा सोडलीच नसती.” सरांना पाहून तार लपवणं मात्र त्यांनी सोडलेलं नाही. धंदा आहे शेवटी.

विज्ञान प्रदर्शन हा सरांचा दुखरा कोपरा. थर्माकोलचा ज्वालामुखी त्यांच्या वर्गाला मना आहे. खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढायचा, त्याला लाल रंग द्यायचा आणि ‘लाव्हा’ म्हणायचं, याचा त्यांना शारीरिक त्रास होतो. आणि आपल्या पायाखालचं दख्खन खऱ्या लाव्ह्याचंच तर आहे! शहरातल्या दुकानात तयार मॉडेल मिळतात, बापानं रात्री जागून केलेली मॉडेलं येतात. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा 1981 पासून आहे. ती पाठांतराच्या पलीकडचं तपासायला काढली आणि आता तिच्याही शिकवण्या निघाल्या. आपण पालक लोक कशाचीही शिकवणी काढू शकतो.

आमच्या शाळेचं एका वर्षीचं मॉडेल होतं रानडुकरं पळवायचं यंत्र. सायकलचं जुनं चाक, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पाती, वारा आला की चाक फिरणार आणि साखळीचा तुकडा थाळीवर आपटणार. परीक्षकांनी चष्मा नीट करून विचारलं, “यामागचं तत्त्व काय?” पोरगं म्हणालं, “डुक्कर भेते.” बक्षीस लुकलुकत्या दिव्यांच्या ‘स्मार्ट सिटी’ला गेलं. पण त्या हंगामात मक्याच्या दोन-तीन शेतांत थाळ्या वाजत होत्या. डुकरं आठवडाभर भ्यायली, मग त्यांना सवय झाली. सरांना विचारलं, “यंत्र फसलं?” म्हणाले, “फसलं कशाचं? आता डुकराले इचारा, तुले सवय किती दिवसांत होते.” पोरांनी खरंच तारखांचा तक्ता केला.

सहलीला त्यांच्याबरोबर जाऊ नये, हा माझा अनुभवी सल्ला. शेगावला गजाननमहाराजांचं दर्शन झालं, की बाकीच्या शाळा कचोरी खातात. आमची शाळा कचोरी का फुगते यावर थांबते. आतल्या ओलाव्याची वाफ होते, हे पोरांनी शोधेपर्यंत कचोरी निवते. लोणारला तर मी हात टेकले. उल्का बेसाल्टवर आदळून झालेलं जवळपास दोन किलोमीटर रुंदीचं विवर, काठावर उभं राहून गप्प व्हावं अशी जागा. सरांनी पोरांना हळदीत भिजवून वाळवलेले कागद वाटले. पाणी लागल्याबरोबर पिवळा कागद तांबूस झाला, कारण ते पाणी चांगलंच अल्कधर्मी आहे. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा गावात नाना शकुन निघाले होते. पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. हळद वहिनींच्या डब्यातली होती, हे परतल्यावर कळलं.

वहिनी म्हणजे सरांच्या सौ. त्या माझ्याकडं तक्रार घेऊन येतात. “भाऊ, तुमच्या मित्राले सांगा, माह्यी चाळणी आणून द्या म्हणा.” ही चाळणी 2022 च्या दिवाळीत, 25 ऑक्टोबरच्या सूर्यग्रहणाला गेली. लोक दारं लावून बसले होते आणि सर मावळतीच्या उन्हात, भिंतीपासून लांब, चाळणी धरून उभे. चाळणीला जितकी भोकं तितके सूर्य भिंतीवर आणि प्रत्येक सूर्य एका बाजूनं कुरतडलेला. आधी पोरं आली, मग पोरांना ओरडायला आया आल्या, मग आयांना ओरडायला एक आजी आल्या. आजींनी भिंत पाहिली, चाळणी पाहिली, पुन्हा भिंत पाहिली आणि म्हणाल्या, “इतके सूर्य अन् एकाच बाजूनं खाल्लेले?” घरी जाऊन त्यांनी ग्रहणाची अंघोळ केलीच. पण पुढचं ग्रहण कधी, हे त्या अजून सरांना विचारतात.

सरांचंही सगळं साधत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली पायात जाते. तेव्हा शाळेला सुट्टी. हाच योग जुलैत पुन्हा येतो, तेव्हा शाळा असते आणि आभाळ. दर जुलैत सर झेंड्याच्या खांबाशी पोरं उभी करतात आणि ढगांची वाट पाहतात, म्हणजे ते जायची. यावर मुख्याध्यापक एकदाच विनोदानं म्हणाले, “सर, त्याले इचारा.”

त्यांच्या वर्गाचा निकाल मधलाच असतो, उगाच चढवून सांगत नाही. नीट-जेईईच्या फलकावर आमच्या शाळेचे फोटो फारसे नाहीत. त्यांचा विद्यार्थी ओळखायचा तो घरच्या मिक्सरवरून. मिक्सर एकदा उघडलेला असतो आणि एक स्क्रू उरलेला असतो. आयांचं म्हणणं, पोरगं बिघडलं. माझं मत विचाराल तर माझ्या पोराला मी सरांच्याच तुकडीत टाकलं आणि घरातला मिक्सर वरच्या फळीवर ठेवला.

तुमच्याकडं जळालेली मोटार, सायकलच्या ट्यूबा, फुटका स्पीकर, काड्यांच्या रिकाम्या पेट्या असतील, तर भंगारात घालू नका. कधी वरवट बकालवरून शेगावकडं जाणं झालं, तर स्टँडवर उतरून कोणालाही ‘प्रयोगवाले सर’ विचारा. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी ते घरीच असतात. पैसे मिळणार नाहीत. आणि जमलं तर एक चाळणीही आणा, वहिनींसाठी.